वर्डप्रेस साइट नव्या होस्टिंगवर नेताना: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

साइट हलवायची ठरली की बहुतेक जण सगळ्यात आधी डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) पॅनेलमध्ये शिरून नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाची पत्त्यांची वही कुठे आहे ते, बदलतात. फायली, डेटाबेस वगैरे "मग सावकाश" टाकायचे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू होतात. साइट उघडतेय पण मेल येत नाहीत. मुखपृष्ठ दिसतंय, आतलं एकही पान उघडत नाही. मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आलीत. माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या साइटींपैकी बऱ्याचशा या तीन तक्रारींतच बसतात. त्यात तांत्रिक अवघड असं फार नसतं, कामं फक्त उलट्या क्रमाने झालेली असतात.

खालचा क्रम वर्डप्रेससाठी आहे. डोमेन तेच राहणार आणि होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे तो सर्व्हर, बदलणार, असं धरलं आहे. डोमेनसुद्धा बदलत असेल तर शेवटाकडे एक छोटा भाग आहे, पण तो वाचायच्या आधी हे सगळं वाचा.

टप्पा १ : चाव्या कुणाकडे आहेत ते शोधा

पाच लॉगिन हाताशी हवेत. डोमेन जिथे विकत घेतलं ते, डीएनएस (कुठल्या नावाचा सर्व्हर कुठला ते सांगणारी वही) जिथे चालतो ते, जुनं होस्टिंग, नवं होस्टिंग आणि वर्डप्रेसचा ॲडमिन. मेल वेगळीकडे असेल तर सहावं. पहिली दोन एकाच ठिकाणी असतील असं गृहीत धरू नका. डोमेन एका कंपनीकडे, डीएनएस जुन्या होस्टिंगवर आणि मेल तिसरीकडे, हे अगदी नेहमीचं आहे.

प्रत्येक लॉगिन खरोखर उघडून पाहा. "पासवर्ड आहे आमच्याकडे" यावर विश्वास ठेवू नका. लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानाची साइट हलवायची होती. डोमेन निघालं मालकांच्या भाच्याच्या मित्राच्या नावावर. मित्र दुबईत, आणि ओटीपी जायचा त्याच्या बंद पडलेल्या मुंबईच्या नंबरवर. साइट हलवायला मला दीड रात्र लागली, त्या मित्राला गाठायला तीन आठवडे.

⚠ डोमेनच्या खात्यात नोंदवलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. हलवाहलवीत मेल बंद पडले, तर डोमेनच्या पॅनेलचा ओटीपीही त्याच बंद पेटीत जाणार आणि तुम्ही बाहेर उभे. आधी तिथे जीमेलसारखा वेगळा पत्ता टाकून घ्या.

डोमेनची मुदत कधी संपतेय तेही बघून ठेवा. आणि या भानगडीत डोमेन एका रजिस्ट्रारकडून (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे नेऊ नका. होस्टिंग बदलायला त्याची गरज नसते. डॉट कॉमसारखी डोमेनं एकदा नेली की साधारण ६० दिवस पुन्हा हलवता येत नाहीत.

टप्पा २ : डीएनएसची नोंद उतरवून घ्या

हा कंटाळवाणा टप्पा आहे, म्हणून लोक तो टाळतात आणि मेल इथेच मरतात.

डीएनएसच्या पॅनेलमध्ये जाऊन सगळे रेकॉर्ड एका शीटमध्ये उतरवा: ए (साइटच्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता), सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे), एमएक्स (मेलचा सर्व्हर) आणि सगळे टीएक्सटी (मजकुराच्या नोंदी). टीएक्सटीमध्ये एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमचेच आहेत हे पटवणाऱ्या तीन नोंदी) आणि गूगलची पडताळणी असते. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. डीकिमची किल्ली लांबलचक असते आणि स्क्रीनवर ती अर्धी कापलेली दिसते. ती वेगळी कॉपी करा.

आता मुख्य नियम: शक्य असेल तर नेमसर्व्हर अजिबात बदलू नका, फक्त ए रेकॉर्डमधला आयपी बदला. साइट नव्या सर्व्हरवर जाते आणि मेल वेगळीकडे असतील तर त्यांना धक्काही लागत नाही. ट्रिपल-डब्ल्यूचा (www) स्वतंत्र ए रेकॉर्ड असेल तर तोही बदलायचा. नाहीतर अर्ध्या लोकांना जुनी साइट दिसत राहते.

अडचण एकाच बाबतीत येते: डीएनएस जुन्या होस्टिंगवरच असेल तर. ते होस्टिंग बंद केलं की डीएनएसही जाणार, म्हणजे नेमसर्व्हर हलवावाच लागणार. तरी तो साइटच्या रात्री हलवायचा नाही. आठवडाभर आधी नव्या डीएनएसवर सगळे रेकॉर्ड जसेच्या तसे, जुन्याच आयपीसह उतरवायचे, मग नेमसर्व्हर बदलायचा आणि दोन दिवस मेलवर लक्ष ठेवायचं. बाहेरून काहीच बदललेलं दिसलं नाही की हे काम नीट झालं. साइट नंतर.

तपासा: जीमेलवरून स्वतःच्या डोमेनवर एक मेल, आणि उलट एक मेल. दोन्ही पोहोचले, स्पॅममध्ये गेले नाहीत, तरच पुढे.

टप्पा ३ : जुनी साइट हलकी करा, पण सुधारायला बसू नका

आधी आकार बघा. विलेपार्ल्याच्या एका नाट्यसंस्थेची साइट मला "नऊ जीबीची आहे" म्हणून सांगितली होती. आत पाहिलं तर बॅकअपचं प्लगइन दर आठवड्याला अख्ख्या साइटची झिप त्याच साइटच्या फोल्डरमध्ये ठेवत होतं, आणि पुढची झिप मागच्या झिपांसकट बनत होती. ते उपसल्यावर साइट दीड जीबीचीही भरली नाही. तर डब्ल्यूपी-कंटेंट या थीम-प्लगइन-फोटोंच्या फोल्डरमधले जुने बॅकअप, कॅशचं (पटकन दाखवायला साठवलेल्या पानांचं) फोल्डर, स्पॅम कमेंट, कचरापेटी एवढं काढून टाका. काढण्याआधी एक पूर्ण बॅकअप सर्व्हरच्या बाहेर, स्वतःच्या डिस्कवर ठेवा.

मात्र याच आठवड्यात थीम बदलणं, प्लगइन अपडेट करणं, मेनू नीट करणं हे मोह टाळा. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) आवृत्ती शक्यतो जुन्या सर्व्हरवर आहे तीच नव्यावर ठेवून साइट न्या आणि स्थिर झाली की मग वाढवा. जुन्यावर पीएचपी ७.४ असेल (तिला नोव्हेंबर २०२२ पासून सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत) तर वाढवायलाच हवी, पण आज नको. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर बिघाड कशामुळे झाला ते कळतं. दोन बदलल्या की रात्रभर अंदाज बांधत बसायचं.

आणखी एक मोह मराठी साइटींनाच होतो. मराठी शीर्षकाच्या बातमीची लिंक अर्धवट तुटलेली दिसते, म्हणून हलवताना लोक स्लग (लिंकमधला शीर्षकाचा भाग) "दुरुस्त" करतात. वर्डप्रेसमध्ये स्लगला २०० अक्षरांची जागा असते, आणि देवनागरीचं एक अक्षर लिंकसाठी सांकेतिक रूपात लिहिलं की त्याची नऊ होतात. म्हणजे जेमतेम २२ अक्षरं बसतात, त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. एकट्या "मुंबईतील"मध्ये आठ गेली. म्हणून लिंक तुटकी दिसते. ती बिघडलेली नाही, लोकांनी व्हॉट्सॲपवर तीच पाठवलेली आहे. हात लावू नका.

टप्पा ४ : रात्र निवडा आणि टीटीएल खाली आणा

रेल्वे मेगाब्लॉक जसा आधी जाहीर करून रविवारी घेते, तसं करायचं. फक्त रविवार नको. रविवारी होस्टिंगच्या मदतकेंद्रात जाणकार माणूस मिळेल याची खात्री नसते. मंगळवार-बुधवारची रात्र, बाराच्या पुढे, मला बरी वाटते. सणाच्या आधीचे पंधरा दिवस कुणी कितीही घाई केली तरी नाही म्हणा. मसाल्याच्या दुकानाला दिवाळीआधी आणि मंडळाच्या साइटला गणपतीआधी हात लावायचा नाही.

टीटीएल म्हणजे तुमचा पत्ता इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा. बऱ्याच ठिकाणी तो १४४०० असतो, म्हणजे चार तास. बदलाच्या आदल्या दिवशीच तो ३०० वर आणा. आयत्या वेळी आणून उपयोग नाही, कारण ज्यांनी जुना पत्ता आधीच घेतलाय ते जुन्या आकड्यानुसारच चार तास धरून बसतात.

साइट क्लाउडफ्लेअरच्या (वाचक आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणाऱ्या सेवेच्या) मागे असेल तर टीटीएलचं सोडा. तिथे मागचा आयपी बदलला की बदल जवळजवळ लगेच लागू होतो.

सर्व्हर कुठला घ्यायचा हा प्रश्न असेल आणि वाचक महाराष्ट्रातले असतील, तर मुंबईतला घ्या. एवढंच.

टप्पा ५ : फायली

घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून पुन्हा चढवू नका. हजारो छोट्या फायली एफटीपीवरून एकेक करून जाताना दहा-वीस वाटेत गळतात आणि कुठल्या ते कळत नाही. जुन्या सर्व्हरवरच एक गठ्ठा बांधा, तो थेट नव्या सर्व्हरवर ओढून घ्या आणि तिथे उघडा. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) मिळत असेल तर गठ्ठा टार पद्धतीने बांधा. विंडोजवर झिप बनवून चढवली तर "गणपती-सजावट" अशा मराठी नावांच्या फोटोंची नावं बिघडतात आणि मग लेखांमध्ये फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसतात.

लपलेल्या फायली विसरू नका. फाईल मॅनेजरमध्ये "लपलेल्या फायली दाखवा" चालू केल्याशिवाय एचटीॲक्सेस (लिंक कशा उघडायच्या ते सर्व्हरला सांगणारी फाईल) दिसत नाही, आणि ती राहिली की आतली पानं उघडत नाहीत.

उलट तीन गोष्टी नव्या सर्व्हरवर आल्या तर त्रास देतात:

कॅशच्या प्लगइनने डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये ठेवलेल्या ॲडव्हान्स्ड-कॅश आणि ऑब्जेक्ट-कॅश या फायली. त्यांत जुन्या सर्व्हरचा मार्ग किंवा तिथल्या रेडिसचा (कॅश साठवणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता असू शकतो. जुन्यावर कॅशचं प्लगइन बंद करून मग गठ्ठा बांधा, किंवा नव्यावर या दोन फायलींची नावं बदला.

मुख्य फोल्डरमधली युजर-आयएनआय नावाची लपलेली फाईल. सुरक्षेची काही प्लगइनं तिच्यात जुन्या सर्व्हरचा पूर्ण मार्ग लिहून ठेवतात. नव्या सर्व्हरवर तो मार्ग नसतो, त्यामुळे साइट उघडायच्या आधीच कोसळते, आणि प्लगइन बंद केलं तरी कोसळतच राहते. या एका फाईलने माझी अख्खी रात्र खाल्ली आहे.

डीबग लॉग, म्हणजे चुकांची नोंदवही. तो कधीकधी शेकडो एमबीचा असतो. नेऊ नका.

तपासा: फोल्डरांच्या परवानग्या (कोण वाचू-बदलू शकतो त्याचे आकडे) ७५५, फायलींच्या ६४४. काही चालेना म्हणून ७७७, म्हणजे कुणीही काहीही बदलावं अशी परवानगी, देऊ नका. काही सर्व्हर त्यावर थेट ५०० ची चूक देतात, आणि देत नसतील तर ते जास्त वाईट.

टप्पा ६ : डेटाबेस

इथे वेळ घ्या. बाकी सगळं परत करता येतं, बिघडलेली अक्षरं मात्र परत आणताना घाम फुटतो.

निर्यात करण्याआधी एक परीक्षा घ्या. जुन्या सर्व्हरवर पीएचपी-मायॲडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) उघडा, पोस्ट्सच्या तक्त्यात जा आणि एखादा मराठी लेख बघा. दोन शक्यता आहेत.

*तिथे मराठी नीट वाचता येतंय.* छान. निर्यात करताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४, म्हणजे पूर्ण यूटीएफ-८, ठेवा, नव्या डेटाबेसलाही तोच द्या आणि पुढे चला.

*साइटवर मराठी नीट आहे, पण इथे गिचमिड दिसतेय.* डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे चार पायांचं गोल चिन्ह, परत तोच ए, परत तेच चिन्ह. म्हणजे अक्षरं यूटीएफ-८ ची आहेत, पण तक्ते लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) म्हणून नोंदलेले आहेत. जुन्या साइटींमध्ये हे सर्रास सापडतं. दोन चुका एकमेकींना झाकत असल्यामुळे साइट नीट दिसते. नव्या सर्व्हरवर एक चूक सुधारते आणि दुसरी उघडी पडते.

अशा वेळी निर्यात लॅटिन-१ म्हणूनच करा. फाईल चांगल्या एडिटरमध्ये यूटीएफ-८ म्हणून उघडा. आता मराठी वाचता आलं पाहिजे. आलं तर फाईलमध्ये जिथे जिथे कॅरेक्टर सेट म्हणून लॅटिन-१ लिहिलंय तिथे यूटीएफ८एमबी४ करा. कोलेशनच्या, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायच्या नियमाच्या, नावातला लॅटिनही बदला. मग आयात करा, आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाईलमध्येही कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ आहे ना ते बघा. हा प्रयोग नकलेवर करा, मूळ फाईल बाजूला ठेवा.

⚠ गिचमिड आणि प्रश्नचिन्हं यांत फरक आहे. गिचमिडीत मूळ अक्षर शाबूत असतं, फक्त चुकीचं वाचलं जातं. प्रश्नचिन्हं आली असतील तर त्या नकलेतली अक्षरं गेली, ती कुठल्याही युक्तीने परत येत नाहीत. ती नक्कल फेका आणि जुन्या सर्व्हरवरून पुन्हा निर्यात करा. म्हणून तर जुनं होस्टिंग लगेच बंद करायचं नसतं.

आयात करताना "अनोळखी कोलेशन" अशी चूक आली, तर बहुधा जुना सर्व्हर मायएसक्यूएल ८ चा आणि नवा मारियाडीबीचा असणार (हे डेटाबेस चालवणारे दोन प्रोग्रॅम). फाईलमध्ये कोलेशनच्या नावात ०९०० असा आकडा दिसेल. ते सगळीकडे यूटीएफ८एमबी४-युनिकोड-सीआय करून टाका.

ब्राउझरमधून मोठी फाईल आयात करू नका. अपलोडची मर्यादा आडवी येते, आणि जुलैच्या पावसात मध्येच नेट गेलं की अर्धे तक्ते आत, अर्धे बाहेर. मला हे झालंय, आणि साइट वरवर चालतही होती. दोन दिवसांनी कळलं की सदस्यांची माहितीच आली नव्हती. टर्मिनलमधून करा, आणि ते मिळत नसेल तर नव्या होस्टिंगवाल्यांना करायला सांगा. ते बहुधा करून देतात.

तपासा: नुसत्या वर्डप्रेसचे तक्ते १२ असतात, प्लगइनांचे वेगळे. जुन्या आणि नव्या डेटाबेसमधले तक्ते मोजा, आणि पोस्ट्स, युजर्स व ऑप्शन्स या तिघांतल्या ओळी जुळवून पाहा.

आता शोधा-आणि-बदला, म्हणजे डेटाबेसमधले जुने पत्ते शोधून तिथे नवे घालणं. डोमेन तेच असेल तर हे करायची गरजच नाही, तरी लोक करतात आणि विजेट उडवून बसतात. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जायचं असेल किंवा सर्व्हरवरचा मार्ग बदलत असेल तरच करा, आणि साध्या एडिटरने कधीच नाही. वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग गाठोडं बांधून साठवतो आणि प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची अक्षरसंख्या लिहितो. समजा पत्ता २६ अक्षरांचा आहे. एचटीटीपीला तुम्ही एक एस जोडलात, अक्षरं झाली २७, पण गाठोड्यावर आकडा २६ च राहिला. पीएचपी ते गाठोडं उघडायलाच नकार देतो आणि थीमच्या सेटिंग, साइडबार सगळं कोरं होतं. डब्ल्यूपी-सीएलआय या टर्मिनलमधून वर्डप्रेस हाताळायच्या साधनाची शोधा-बदला कमांड हा आकडाही सुधारते. आधी ती कोरड्या सरावाच्या (ड्राय-रन) पर्यायाने चालवा, किती ठिकाणी बदल होणार ते बघा आणि मग खरी चालवा. जीयूआयडीचा (प्रत्येक लेखाच्या कायमच्या ओळखीचा) रकाना वगळा.

टप्पा ७ : जोडणी करा आणि जगाला न सांगता साइट उघडून पाहा

डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये चार गोष्टी बदलायच्या: डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड, होस्ट. तक्त्यांचा उपसर्ग जुनाच ठेवायचा. सीपॅनेल या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डेटाबेसच्या नावाआधी खात्याचं नाव आपोआप लागतं, ते धरून पूर्ण नाव लिहा. आणि युजर बनवला म्हणजे झालं असं नाही. तो डेटाबेसला जोडून सगळे हक्क द्यावे लागतात. "डेटाबेसशी संपर्क होत नाही" या चुकीचं कारण मला बहुतेक वेळा हेच सापडतं.

आता डीएनएस न बदलता साइट बघायची. आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ टाका: नवा आयपी, मोकळी जागा, डोमेनचं नाव. विंडोजवर ही फाईल सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स, त्यातल्या ईटीसी फोल्डरमध्ये असते. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला नाही तर जतन होणार नाही. यानंतर तुमच्या एकट्याच्या कॉम्प्युटरला नवी साइट दिसते, बाकी जगाला जुनी.

खरंच नवीच दिसतेय ना? नव्या सर्व्हरवर एक छोटी टेक्स्ट फाईल ठेवा आणि ब्राउझरमधून उघडा. उघडली तर नवीच. हे न करता दोन तास जुनीच साइट तपासून "सगळं ठीक आहे" म्हणणारे मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

एचटीटीपीएसची सूचना आडवी येईल, कारण नव्या सर्व्हरवर अजून साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट नाही. जुन्या पॅनेलमधून सर्टिफिकेट आणि त्याची किल्ली कॉपी करून नव्यावर बसवा. सूचनाही जाते, आणि डीएनएस फिरवल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांतही कुणाला लाल पान दिसत नाही.

मग शांतपणे फिरा. मुखपृष्ठ, एक जुना लेख, मराठी स्लगची एक लिंक, विभागाचं पान, शोध, लॉगिन, फोटो अपलोड. दुकान असेल तर एक ऑर्डर पैसे भरायच्या पानापर्यंत न्या. आतली पानं ४०४ (पान सापडत नाही) देत असतील तर परमालिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता "जतन करा" दाबा. तरीही ४०४ च येत असेल आणि नवा सर्व्हर एन्जिनएक्सचा (वेब सर्व्हरचा एक प्रकार) असेल, तर तो एचटीॲक्सेस वाचतच नाही. नियम त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये टाकावे लागतात, होस्टिंगवाल्यांना सांगा.

⚠ एसएमएसने ओटीपी पाठवणाऱ्या आणि काही पेमेंटच्या सेवांनी तुमच्या सर्व्हरचा आयपी नोंदवून ठेवलेला असतो. नवा आयपी त्यांच्याकडे आधीच जोडून घ्या. त्यांना एक-दोन दिवस लागू शकतात.

टप्पा ८ : ठरलेल्या रात्री

इथे मात्र हाच क्रम:

१. जुन्या साइटवर ऑर्डर, कमेंट, नोंदणी बंद करा, "देखभाल सुरू आहे" असं पान लावा.
२. डेटाबेसची ताजी निर्यात काढा आणि नव्यावर जुनी पुसून ही घाला. टप्पा ६ मध्ये जे जे केलं ते याही फाईलला करायचं. लिहून ठेवलं असेल तर दहा मिनिटांचं काम.
३. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये मधल्या दिवसांत आलेले फोटो आणा.
४. होस्ट्स फाईलमधून पुन्हा एकदा बघा. देखभालीचं पानही डेटाबेससोबत आलं असेल तर ते नव्यावर काढा.
५. ए रेकॉर्ड बदला.
६. होस्ट्स फाईलमधली ओळ काढा आणि मोबाइलच्या डेटावरून साइट उघडा. घरचं वायफाय जुनाच पत्ता धरून बसलेलं असू शकतं.
७. नव्या सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट चालू करा. ते ९० दिवसांचं असतं आणि स्वतःहून नवं होत राहिलं पाहिजे. नाही मिळालं तर दाबत बसू नका. त्याच नावांचं सर्टिफिकेट आठवड्यात पाच वेळांवर देत नाहीत.

क्लाउडफ्लेअर असेल आणि साइट स्वतःकडेच फिरत राहिली, तर तिथली एसएसएलची सेटिंग "फ्लेक्सिबल" आहे का ते बघा. "फुल स्ट्रिक्ट" करा.

माघार घ्यायची वेळ आधीच ठरवा. मी पहाटे साडेतीन धरतो. तोवर काही मोठं अडलं तर ए रेकॉर्ड पुन्हा जुना, जुनी साइट सुरू आणि झोप. एकदा नव्या साइटवर ऑर्डर यायला लागल्या की मागे जाणं सोपं राहत नाही.

टप्पा ९ : पहिला दिवस

सकाळी सगळ्यात आधी संपर्काचा फॉर्म भरा. साइट सुंदर दिसते आणि फॉर्मचे मेल मात्र कुणालाच मिळत नाहीत, हा प्रकार आठ-आठ दिवस कळत नाही. कारण बहुतेक वेळा असं असतं की मेल गूगलकडे आहेत, पण नव्या सर्व्हरला वाटतं या डोमेनची पेटी आपल्याकडेच आहे. तो मेल बाहेर पाठवतच नाही, घरातल्या घरात टाकतो. सीपॅनेलमध्ये "ईमेल राउटिंग" रिमोट करा. दुसरं कारण एसपीएफ: त्यात जुन्या सर्व्हरचा आयपी असतो, तिथे नवा जोडा. माझं विचाराल तर फॉर्मचे मेल सर्व्हरवरून पाठवूच नयेत, एसएमटीपी प्लगइनने खऱ्या मेलखात्यातून पाठवावेत.

मेलच्या पेट्या जुन्या होस्टिंगवरच असतील तर एमएक्स घाईने बदलू नका. नव्यावर त्याच नावांच्या पेट्या बनवा, जुनी पत्रं आयमॅपने ओढून आणा, मग एमएक्स बदला आणि दोन दिवसांनी राहिलेली पत्रं पुन्हा एकदा ओढा.

मग वर्डप्रेसच्या वाचन-सेटिंगमध्ये "सर्च इंजिनांना परावृत्त करा" ही खूण चुकून राहिली नाही ना ते पाहा. टाइमझोन कोलकाता आहे का, ठरलेल्या वेळेचे लेख प्रसिद्ध होतायत का, बॅकअप नव्या जागेवरून चालतोय का, हेही.

अडलं तर कुठे बघायचं

पांढरं पान किंवा "गंभीर चूक" आली की प्लगइन भराभर उडवू नका. आधी लॉग वाचा. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डीबग आणि डीबग लॉग चालू करा, स्क्रीनवर दाखवणं बंद ठेवा, पान एकदा उघडा आणि डब्ल्यूपी-कंटेंटमधली लॉगची फाईल बघा. शेवटच्या "फेटल" ओळीत फाईलचा मार्ग असतो, त्यात प्लगइनचं किंवा थीमचं नाव दिसतं. त्या एकाचंच फोल्डर दुसऱ्या नावाचं करा. ॲडमिनच्या मेलवर दुरुस्तीची लिंकही आलेली असते, मेल चालू असतील तर.

लॉगच तयार होत नसेल तर चूक वर्डप्रेस सुरू व्हायच्या आधीची आहे: एचटीॲक्सेस, युजर-आयएनआय, परवानग्या. पहिल्या दोन फायलींचं एकेकीचं नाव बदलून बघा, मग परवानग्या तपासा.

"देखभालीमुळे थोडा वेळ बंद" असं इंग्रजी वाक्य हटत नसेल तर मुख्य फोल्डरमधली मेंटेनन्स नावाची लपलेली फाईल काढा. अपडेट मध्येच तुटल्याची ती खूण असते.

डोमेनही बदलत असेल तर

आधी जुन्या डोमेनवरच होस्टिंग हलवा, आठवडाभर चालू द्या, मग डोमेन बदला. डब्ल्यूपी-सीएलआयने पत्ते बदला आणि जुन्या डोमेनवरून प्रत्येक पान नव्या डोमेनवरच्या त्याच पानाकडे ३०१ ने (पान कायमचं हललं, असं सांगणाऱ्या खुणेने) वळवा. सगळं नुसत्या मुखपृष्ठाकडे वळवू नका, गूगलवरून येणारा माणूस तिथून परत जातो. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याची नोंद करा. जुनं डोमेन निदान वर्षभर भरत राहा. मी तर कायमचं ठेवा म्हणतो. सोडलेलं डोमेन दुसऱ्या कुणी उचललं तर तुमच्या छापील पत्रिकांवरचा पत्ता त्याच्या मालकीचा होतो.

टप्पा १० : आवराआवर

नव्या सर्व्हरवर पडलेले गठ्ठे, एसक्यूएलच्या फायली, तपासणीची टेक्स्ट फाईल आजच काढा. साइटच्या फोल्डरमधली डेटाबेसची फाईल नाव ओळखून कुणीही उतरवू शकतो, आणि त्यात सगळ्या ग्राहकांचे पत्ते असतात. डीबग बंद करा, लॉग पुसा. दोन-तीन दिवसांनी टीटीएल पुन्हा वर न्या.

जुनं होस्टिंग महिनाभर तसंच राहू द्या. त्यानंतर तिथला एक शेवटचा पूर्ण बॅकअप घ्या, डीएनएस किंवा मेल अजून तिथून चालत नाहीत ना ते टप्पा २ च्या शीटवरून पाहा, आणि मग योजना बंद करा. कार्डावरचं किंवा यूपीआयवरचं ऑटो-पे वेगळं रद्द करावं लागतं. नुसतं खातं बंद केलं आणि पुढच्या वर्षी पैसे कापले गेले, असं त्या मसालेवाल्यांच्याच बाबतीत झालं. ते परत मिळवायला मालकांना चार फोन आणि दोन महिने लागले.